समुपदेशनाच्या खोलीत थेरपी डॉग: सोलापुरात हे काम कसं उभं करावं

कुत्र्याला हवं तेव्हा उठून बाजूला जाता येईल अशी जागा तुमच्या खोलीत नसेल, तर कुत्रा आणण्याआधी ती जागा करा. पुढचं सगळं त्या एका सोयीवर उभं आहे. थेरपी डॉग म्हणजे समुपदेशनात माणसाला मोकळं व्हायला मदत करणारा कुत्रा. त्याचा उपयोग होतो, कारण तो आपणहून जवळ येतो. दोरीने ओढून आणलेला, 'बस, बस' म्हणत दाबून धरलेला कुत्रा शेजारी असून नसल्यासारखा असतो. मोठ्या माणसांना हे जरा उशिरा कळतं, लेकरांना लगेच कळतं. आणि ज्याला सुटायला वाट नाही तो कुत्रा आधी अंग चोरतो, मग गुरगुरतो आणि शेवटी चावतो, स्वभावाने कितीही गरीब असला तरी.

ही पद्धत आजची नाही. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६२ मध्ये कुत्र्याला उपचारातला जोडीदार म्हणून घेण्याबद्दल लिहिलं. त्यांच्याकडे येणारं एक अबोल मूल ठरलेल्या वेळेआधी पोचलं, खोलीत त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा होता, आणि मुलाने पहिली ओळख केली ती जिंगल्सशी. उपचार मात्र लेविन्सनच करत होते, हे विसरू नका. जिंगल्समुळे बोलण्याला सुरुवात झाली, एवढंच त्याचं काम होतं आणि ते मोठं काम होतं. नैराश्य, चिंता, आघात यांवर समुपदेशक ज्या पद्धतीने एरवी काम करतो तीच पद्धत कुत्रा असतानाही चालू राहते. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या 'आता कुत्रा आहे' म्हणून कुणी कमी करत असेल, तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून थांबवा.

अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा कुत्रा, घरात जीव लावायला पाळलेला कुत्रा आणि थेरपी डॉग हे तीन वेगळे. थेरपी डॉग हा कुणाच्या तरी घरचाच कुत्रा असतो, पण तो आपल्या माणसासोबत, म्हणजे हँडलरसोबत, येऊन अनोळखी लोकांमध्ये काम करतो. गळ्यात ओळखपत्र अडकवलं म्हणून त्याला शाळेत किंवा दवाखान्यात शिरता येत नाही. प्रत्येक ठिकाणच्या प्रमुखांची लेखी परवानगी घ्यायची, आणि त्यात कुत्र्याचं नाव, हँडलरचं नाव, लसीची तारीख आणि कोणत्या खोलीत बसणार हे लिहायचं. इंटरनेटवरून पैसे भरून मागवलेल्या 'थेरपी डॉग सर्टिफिकेट'वर भरवसा ठेवू नका. कुत्रा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय दिलेल्या कागदाला किंमत नाही.

खोलीत कोण कोण

समुपदेशनासाठी आलेला क्लायंट, समुपदेशक, हँडलर आणि कुत्रा. समुपदेशकाने एकट्याने दोन्ही कामं करायचा मोह सुरुवातीला तरी टाळावा. एक डोळा रडणाऱ्या माणसावर आणि एक कुत्र्याच्या कानांवर ठेवता येत नाही; दोन्हीकडचं निसटतं. हँडलर क्लायंटच्या नजरेच्या थोडा बाहेर, कुत्र्यापासून पाच-सहा फुटांवर बसतो. बोलत नाही, मान डोलावत नाही, मोबाइल बघत नाही. त्याचं लक्ष फक्त कुत्र्याकडे. हँडलरने गुडघ्यावर हात ठेवला की कुत्र्याला विश्रांती हवी आहे, अशी एखादी साधी खूण ठरवून घ्या आणि ती दिसल्यावर मिनिटभरात कुत्र्याला मोकळं करा. समुपदेशकाने 'अजून दोनच मिनिटं' म्हणायचं नाही.

सोलापूर मोठं दिसत असलं तरी दोन अनोळखी माणसांत तिसरा ओळखीचा निघतोच. म्हणून हँडलरकडून गोपनीयतेच्या कागदावर सही तर घ्याच, पण क्लायंटलाही हँडलरचं नाव आधीच सांगा. तो नात्यातला, गल्लीतला किंवा ऑफिसातला निघाला, तर क्लायंटला कारण न देता 'नको' म्हणता आलं पाहिजे.

कुत्रा निवडताना

वय किमान एक वर्ष, आणि खरं विचाराल तर दोन वर्षांपुढचा कुत्रा बरा. हँडलरच्या घरी तो किमान सहा महिने राहिलेला असावा. त्याआधी दोघांची एकमेकांना नीट ओळख झालेली नसते.

जातीला लोक वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात. लॅब्रॅडॉर माणसाळू असतो, पण त्याची दाट दुहेरी लव सोलापूरच्या उन्हाला बनलेली नाही. ती काढून टाकण्यासाठी भादरणंही चूक, कारण त्याने उन्हापासूनचं संरक्षण जातं. रोज विंचरणं हाच उपाय. पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे उन्हाळ्यात या कामाला आणूच नयेत, त्यांना धापेने अंग थंड करणं जमत नाही. आपल्या भागातला कारवानी किंवा पश्मी दिसायला देखणा, उन्हाला कणखर. पण तो शिकारी जातीचा, नजरेने सावज टिपणारा, आणि अनोळखी माणसाचा हात अंगावर घ्यायला सहसा नाखूश असतो. एखादा कारवानी अपवाद निघेलही, बघून ठरवा. लहानपणापासून माणसांत वाढलेला शांत गावठी कुत्रा या हवामानाला उत्तम. त्याच्याविषयीची भीती मात्र क्लायंटच्या मनात जास्त असते, कारण रस्त्यावर त्याच चेहऱ्याच्या टोळ्या दिसतात. त्यामुळे पहिल्या भेटीआधी कुत्र्याचा फोटो दाखवा.

पारख करताना या गोष्टी तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या जागी करून बघा. दहा फुटांवर स्टीलचं ताट पाडा: दचकला तर हरकत नाही, पण चार-पाच सेकंदांत सावरून आवाजाकडे बघायला हवा. कुणीतरी हुंदके देऊन रडल्याचं सोंग करा. काठी टेकत चालणारा माणूस, चाकाची खुर्ची, बुरखा घातलेली बाई, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळं दाखवा. अनोळखी माणसाने कान, पंजे आणि शेपूट हळू हाताळून बघावी. जमिनीवर बिस्किट टाकून 'सोड' म्हणा. हँडलर दोन मिनिटं दाराआड गेल्यावर कुत्रा कसा वागतो ते बघा. खाण्यावरून किंवा खेळण्यावरून जो गुरगुरतो, त्याला घरीच राहू द्या. त्याच्यावर प्रेम करायला घर पुरेसं आहे.

शिकवायच्या गोष्टींत 'जागेवर' ही सगळ्यांत मोलाची: कुठूनही उठून आपल्या अंथरुणावर जाऊन बसणं. त्यानंतर 'बस', 'थांब', 'सोड' आणि दोरी सैल ठेवून चालणं. प्रत्येक शब्दाला हाताची खूण जोडा, आणि याला सोलापुरात खास कारण आहे. इथे एकाच दिवसात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी लेकरं येतात. कुत्र्याला मराठीत 'ये' म्हणतात, कन्नडमध्ये 'बा', तेलुगूत 'रा'. बिचाऱ्या कुत्र्याने काय समजावं! हाताची खूण चारी भाषांत एकच राहते, आणि मुलाला ती शिकवणं हाच पहिल्या सेशनचा चांगला भाग होतो.

कागद, लस, स्वच्छता

रेबीजची लस दरवर्षी, तारीख न चुकवता. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो या आजारांवरची एकत्रित लसही दरवर्षी. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. गोचिडांवरचं औषध पशुवैद्यक सांगतील त्या अंतराने, बहुधा महिन्याला. आपल्याकडच्या उष्ण हवेत गोचीड वर्षभर टिकते, कुत्र्याला ताप आणते आणि क्लायंटच्या मांडीवर चढली तर तो माणूस परत येत नाही. महापालिकेकडची नोंदणी, लसीचं कार्ड आणि पशुवैद्यकांचं 'प्रकृती ठीक' असल्याचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा आणि मागितल्यावर लगेच दाखवा.

कच्चं मांस किंवा कच्चं अंडं खाणारा कुत्रा या कामाला घेऊ नये. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून माणसापर्यंत पोचतात. जुलाब, खाज, जखम, डोळ्यांतून पाणी यातलं काहीही असेल तर त्या दिवशी सुट्टी. मादी माजावर असताना तीनेक आठवडे सुट्टी. नखं आठवड्याला तपासा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, नुसत्या पंजाने रक्त येतं.

हात धुणं कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, साबणाने वीस सेकंद. आधी कशाला, असं लोक विचारतात. आपल्याकडे अनेक घरांत विडी वळली जाते आणि तंबाखूची भुकटी बोटांवर, नखांत राहते. कुत्रा हात चाटतो, आणि निकोटीन कुत्र्याला विषारी असतं. दुसरी गोष्ट खाऊची. प्रेमाने आणलेली शेंगा चटणी, भाकरीचा तुकडा, चॉकलेट, मनुका यातलं काहीही द्यायचं नाही. चटणीत लसूण, तिखट आणि मीठ असतं. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खाऊ हँडलरच्या पिशवीतला, हरभऱ्याएवढा तुकडा, आणि तोही क्लायंटच्या उघड्या तळहातावर ठेवूनच द्यायचा.

अनेक भागांत नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे तोटीची वीस लिटरची टाकी भरून दाराशी ठेवा. पाणी नाही म्हणून हात न धुता सेशन घ्यायचं नाही. सॅनिटायझर चालतो असं वाटतं, पण तो ओला असताना कुत्र्याने चाटला तर त्रास होतो.

खोली आणि ऊन

दहा बाय बारा फुटांची खोली पुरते. दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात कुत्र्याची जागा, आणि तिथे कुणीही, समुपदेशकानेही, त्याला हात लावायचा नाही. अंथरायला जुनी सोलापुरी चादर घडी घालून वापरा. सुती असते, दर दोन दिवसांनी धुता येते, आणि कुत्रा तिचा वास ओळखतो, त्यामुळे शाळेत किंवा दुसऱ्या जागी गेल्यावर तीच चादर अंथरली की त्याला आपली जागा सापडते. शहाबादी फरशी उन्हाळ्यात गार असते म्हणून कुत्र्याला आवडते. गुळगुळीत पॉलिश केलेली असेल तर चालायच्या वाटेवर सतरंजी टाका. पाय घसरणारा कुत्रा ताठरतो, आणि क्लायंटला वाटतं तो आपल्याला घाबरतोय.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सेशन सकाळी नऊच्या आत संपवा किंवा सूर्य मावळल्यावर घ्या. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला चालवायचं नाही. स्कूटरच्या पायाशी उभा करून आणू नका. पत्र्याचा चटका पंजांना बसतो. रिक्षाने आणा, खाली चादर टाका. आपली हवा कोरडी असल्याने कूलर चांगला गारवा देतो, पण त्याच्या घरघरीची कुत्र्याला आधी सवय करा आणि सेशनच्या अर्धा तास आधी चालू करून खोली गार करून ठेवा. भर सेशनमध्ये लाइट गेली आणि खोली तापू लागली, तर माणसांचं बोलणं चालू राहू द्या, कुत्र्याला बाहेर सावलीत न्या.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जीभ लांब बाहेर, हिरड्या लालभडक, दाट लाळ, चालताना झोकांडी, ही उष्माघाताची चिन्हं. साधं नळाचं पाणी अंगावर, पोटावर, पंजांवर ओतत राहा, वरून पंखा लावा आणि पशुवैद्यकांकडे निघा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायची चूक खूप जण करतात; थोड्याच वेळात तो टॉवेल गरम होतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो.

आवाजाचाही विचार हवा. शहराच्या पूर्व भागातल्या खोलीत शेजारच्या यंत्रमागांची खटखट दिवसभर चालते. त्या आवाजात वाढलेला कुत्रा झोपून राहील, जुळे सोलापूरच्या शांत बंगल्यातला कासावीस होईल. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम, गणपतीतल्या मिरवणुका, दिवाळीचा आठवडा, या दिवसांत कुत्र्याला काम देऊच नका आणि क्लायंटला तारखा महिनाभर आधी सांगून ठेवा.

कुणाला बोलवायचं, कुणाला नाही

पहिली भेट कुत्र्याशिवाय. त्यात विचारा: कुत्रा कधी चावला आहे का, घरातल्या कुणाला चावला आहे का, दमा आहे का, केसांची किंवा धुळीची ॲलर्जी आहे का. मागावर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाची छाती सुताच्या धुळीने आधीच कमजोर झालेली असू शकते, म्हणून दम्याचा प्रश्न त्यांना दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारा. 'ॲलर्जी न होणारी जात' असं काही नसतं. ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, केस कमी असले तरी ती असतातच.

धर्म आणि श्रद्धेचा प्रश्न सरळ आणि आदराने विचारा. अनेक मुस्लिम कुटुंबांत कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी कपडे आणि अंग धुवावं लागतं. त्यांना कुत्रा पाच फुटांवर, हात न लावता चालेल का हे विचारता येतं, आणि नको म्हणाले तर विषय तिथेच संपवायचा. उलट अक्कलकोटच्या वाटेवरच्या या शहरात दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री बघत मोठी झालेली माणसं थेरपी डॉगला नमस्कार करतात, 'देवाने पाठवला' म्हणतात. श्रद्धेला हात लावू नका. फक्त कुत्रा दूर गेला तर 'देव रुसला' असा अर्थ निघणार नाही, याची काळजी आधीच घ्या.

नशेत असलेली व्यक्ती, भ्रम होऊन अस्वस्थ असलेली व्यक्ती, प्राण्यांना इजा केल्याचा इतिहास असलेलं मूल, प्रतिकारशक्ती फार कमी झालेला रुग्ण आणि उघडी जखम असलेला माणूस यांच्यासाठी कुत्रा नाही. ज्याला कुत्र्याची पराकोटीची भीती आहे त्याच्या भीतीवर काम करायचं असेल तर ती वेगळी, पायरीपायरीने चालणारी पद्धत आहे. 'एकदा हात लाव, जाईल भीती' हे सगळ्यांत वाईट. संमती लेखी घ्या, अठराखालच्यांसाठी पालकांची घ्या, पण मुलालाही विचारा. आईवडिलांनी सही केली आणि मूल दारातच आईच्या पदराला धरून उभं राहिलं, तर ती संमती नाही.

पंचेचाळीस मिनिटांचं सेशन

क्लायंट येण्याआधी दहा मिनिटं कुत्रा आलेला असावा: बाहेर शी-शू झालेली, पाणी प्यालेला, आपल्या चादरीवर. दोरी चार ते सहा फुटांची, छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस. गळा आवळणारी साखळी आणि काट्यांचा पट्टा चालणार नाही, आणि लांब-आखूड होणारी दोरीही नको. ती हातातून सुटली की तिचा डबा खडखडत कुत्र्याच्या मागे येतो.

पहिली पाच मिनिटं माणसासाठी: हात धुणं, बसणं, आठवडा कसा गेला. मग क्लायंटला विचारा, आज कुत्रा हवा आहे का. दर वेळी विचारा, मागच्या दहा वेळा हो म्हणाला असला तरी. हो म्हटलं तर क्लायंटने बाजूला वळून, हात मांडीवर ठेवून बसावं. हँडलर दोरी सैल सोडतो. कुत्रा येतो किंवा येत नाही. आला तर हुंगू द्या, मग खांद्यावर किंवा छातीच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवा आणि हात उचला. कुत्रा अंग टेकवून राहिला तर पुढे चालू. तोंड फिरवलं तर थांबा. डोक्यावर वरून थोपटणं आणि गळामिठी टाळा. आपल्याला ते प्रेम वाटतं, कुत्र्याला ती पकड वाटते.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं खऱ्या कामाची. न बोलणाऱ्या मुलाला थेट प्रश्न विचारू नका. त्याच्या हातात ब्रश द्या. विंचरताना दोघांची नजर कुत्र्यावर असते, आणि डोळ्यात डोळे घालून न निघणारं बोलणं तिथे निघतं. 'याला शाळेत पाठवलं तर काय आवडणार नाही?' असं विचारलं की मूल कुत्र्याच्या नावाने स्वतःचं सांगू लागतं. ते त्याच्याच तोंडी राहू द्या. 'म्हणजे तुलाच असं वाटतं ना?' असं लगेच म्हटलं की मूल मिटतं.

एका जागी न बसणाऱ्या मुलासाठी खुणा शिकवायचा खेळ: हात वर, थांब, तीन आकडे मोज, मग खाऊ. कुत्रा मुलाच्या घाईला दाद देत नाही, मूल शांत झालं की ऐकतो. हे सांगावं लागत नाही, पाच-सहा वेळांत मूल स्वतः हेरतं.

चिंतेच्या झटक्यासाठी 'कुत्र्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्या' असं काही ठिकाणी सांगतात. आपल्याकडे हे उलटतं. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण दहा ते तीस असतो, पण उन्हाळ्यात तो धापा टाकतो, आणि त्या लयीत श्वास घेणाऱ्या माणसाला चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात, घबराट वाढते. त्याऐवजी हात वापरा: मानेपासून पाठीच्या शेवटापर्यंत एक संथ हात फिरवायचा आणि तेवढा वेळ श्वास सोडायचा. परत हात मानेवर आणताना श्वास घ्यायचा. सहा-सात वेळा. आघाताच्या आठवणीत वाहून जाणाऱ्या माणसालाही हेच वर्तमानात आणतं. त्याला लवेचा पोत, कानाचा मऊपणा, पोटाची ऊब शब्दांत सांगायला लावा.

कुत्र्याबरोबरची शेवटची पाच मिनिटं निरोपाची. कुत्रा एकदम उठवून नेऊ नका. 'दोन मिनिटांनी तो जाईल' असं आधी सांगा, क्लायंटला निरोपाची खूण करू द्या, मग कुत्रा बाहेर आणि हात धुणं. त्यानंतरची पाचेक मिनिटं पुन्हा माणसामाणसांची असावीत; रिकाम्या चादरीकडे बघत सेशन संपू नये. कुत्र्याला नंतर किमान अर्धा तास विश्रांती. दिवसात दोन, फार तर तीन सेशन, कुत्र्याचं प्रत्यक्ष काम सगळं धरून दोन तासांच्या आत, आणि आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त नाही.

कुत्रा काय सांगतोय

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समज सोडा. ताठ, उंच, थरथरती शेपूट हा ताण असतो. समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं, तोंड फिरवणं, एक पंजा उचलून धरणं, अंग कोरडं असताना ओलं असल्यासारखं झटकणं: यातलं एक दिसलं तर लक्ष ठेवा, पाठोपाठ दोन दिसली तर कुत्र्याला चादरीवर जाऊ द्या. अंग गोठल्यासारखं स्थिर झालं तर थांबायला वेळ उरलेला नाही. लगेच क्लायंटला हात काढायला सांगा आणि कुत्र्याला हाक मारून बाजूला घ्या. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी रागावू नका. ज्याला रागावलं जातं तो कुत्रा गुरगुरणं बंद करतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो.

जिथे गाडी अडते

क्लायंट रडू लागला आणि कुत्रा उठून गेला, ही सगळ्यांत अवघड घडी. नवरा सोडून गेलेल्या बाईला तो क्षण जिव्हारी लागतो: 'हा पण गेला.' घाईने कुत्र्याला परत बोलावू नका. काय घडलं ते साध्या शब्दांत सांगा: त्याला आवाज मोठा वाटला, तो आपल्या जागी जाऊन बसला, तो खोलीतच आहे. मग विचारा, कुणी असं उठून गेल्यावर तुम्ही काय करता? कुत्र्याला जायची मुभा ठेवलेली असते म्हणून हा प्रश्न विचारता येतो. आणि बहुतेकदा कुत्रा काही वेळाने परत येतो. नाही आला तरी चालतं. 'नको' म्हणणाऱ्याचं ऐकलं जातं, हे स्वतःचं कधीच ऐकलं न गेलेल्या माणसाने डोळ्यांनी बघणं फार मोलाचं आहे.

दुसरी अडचण समुपदेशकाची. शांतता नकोशी झाली की तो कुत्र्याकडे वळतो, 'बघा कसा बघतोय' म्हणतो, आणि क्लायंटच्या ओठांवर आलेलं वाक्य परत आत जातं. नोंदवहीत दोन वेगळे रकाने करा: कुत्र्याने काय केलं, आणि त्या वेळी बोलणं कुठे होतं. चार सेशनच्या नोंदी सलग वाचल्या की कोण कुत्र्याच्या आड लपतंय ते दिसतं. कधी क्लायंट, कधी आपण.

तिसरी फोटोंची. कुत्र्याबरोबर सेल्फी काढला की मागचा बोर्ड, खोली, कधी पुढचा क्लायंटही त्यात येतो. मोबाइल बाहेरच्या टेबलावर.

चावलं किंवा ओरखडलं तर

लस झालेला कुत्रा असला तरी पद्धत तीच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट लावू नका, जखम बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोलापुरात शासकीय सर्वोपचार रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल आहेच. लसीचं कार्ड सोबत न्या, इंजेक्शनं घ्यायची की नाही आणि किती हे डॉक्टर ठरवतील. स्नायूत दिल्या जाणाऱ्या पाच डोसांच्या पद्धतीत दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे येतात, आणि कातडी फुटून रक्त आलेल्या जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा. घटना त्याच दिवशी लिहून काढा, चावण्याआधीच्या दोन मिनिटांसकट. तो कुत्रा या कामावर परत येत नाही.

क्लायंटच्या मनात जीव संपवण्याचे विचार असतील तर कुत्र्याचं सेशन बाजूला ठेवा आणि नेहमीची तातडीची पद्धत वापरा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक खोलीत, डोळ्यांसमोर चिकटवलेला असावा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

निवृत्ती

आठ-नऊ वर्षांच्या पुढे, मोठ्या जातींत त्याच्याही आधी, कुत्र्याचे सांधे दुखू लागतात आणि अंगावरचा हात नकोसा होतो. दारातून आत येताना तो रेंगाळू लागला, हार्नेस दिसल्यावर उठेनासा झाला, तर पशुवैद्यकांकडून तपासून घ्या आणि काम कमी करत आणा. नियमित येणाऱ्यांना किमान चार सेशन आधी सांगा. शेवटच्या भेटीत ब्रश क्लायंटच्या हातात द्या, मुलांना त्याचं चित्र काढून नेऊ द्या, आणि पुढच्या वेळी तो कोपरा रिकामा असेल हे त्याच दिवशी बोलून घ्या. कुत्रा अचानक गेला तर 'गावाला गेलाय' असं लेकरांना सांगू नका. तो मेला, त्याला काय झालं होतं, त्याला दुखू नये म्हणून काय केलं, हे मूल विचारेल तेवढं सांगा. चादर लगेच उचलू नका. दोन-तीन आठवडे तिथेच राहू द्या, आणि ती कधी उचलायची हे येणाऱ्या मुलांना विचारून ठरवा.